ओढ्याच्या वाटेने

(वाचनालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संस्कारित मजकूर)



शताब्दीच्या व्यासपीठावर मराठीच्या प्राध्यापकाला उभे केले की त्याने संतवाङ्मयावर बोलावे, निदान गेलाबाजार नवकथेवर तरी बोलावे, अशी रास्त अपेक्षा असते. कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'ओढे आणि धबधबे' असे उत्तर दिले. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "म्हणजे कवितेतले का?" कवितेतले नव्हेत. आपल्या पश्चिमेला खानापूर तालुक्याच्या रानात जे खरेखुरे ओढे वाहतात, ज्यांच्या काठाने धड पायवाटही जात नाही, आणि ज्यांचे धबधबे पाहायचे तर पाण्यातूनच चालत जावे लागते, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे : नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. ऋषींचे राहू द्या. नदीच्या बाबतीत मात्र ही म्हण बेळगावकराने पाळू नये असे मला वाटते, कारण आपल्याइतकी नद्यांची मुळे इतक्या जवळ फार थोड्या शहरांना लाभलेली आहेत. बैलूरच्या डोंगरात उगवलेली मार्कंडेय पूर्वेला येते, राकसकोपला अडवली जाते आणि तिथून आपल्या नळांत उतरते. पुढे ती घटप्रभेला मिळते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात विसावते आणि कूडलसंगमाला कृष्णेत विलीन होऊन बंगालच्या उपसागराची वाट धरते. त्याच कणकुंबीच्या परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेकडे कलतो, म्हादईला मिळतो आणि पणजीपाशी अरबी समुद्रात जातो. एकाच गावावर पडलेल्या एकाच सरीचे पाणी दोन समुद्रांत जाते. शाळेत जलविभाजक हा शब्द आपण पाठ केला होता. तो पायांखाली कसा असतो ते पाहायचे असेल तर कणकुंबीला जावे.

हे ओढ्यांचे वेड काही माझे एकट्याचे नाही. काकासाहेब कालेलकरांचे बालपण या मुलखात गेले. बेळगुंदीचे शिवार, वैजनाथाचा डोंगर आणि मार्कंडेय नदी यांचा त्यांच्या मनावरचा ठसा शेवटपर्यंत पुसला गेला नाही. पुढे गांधीजींच्या सहवासात ते गुजरातीचे थोर लेखक झाले, देशभर हिंडले, गंगा-यमुनांपासून जोगच्या धबधब्यापर्यंत सगळे पाहिले. पण नद्यांवर लिहायला बसले तेव्हा या लहानशा मार्कंडीला त्यांनी सखीचा मान दिला. गोकाकच्या प्रपातावरही त्यांनी लिहिले आहे. 'लोकमाता' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आज घरी जाताना काउंटरवर चौकशी करावी. कालेलकरांच्या त्या लेखनातून मी एक गोष्ट घेतली : नदीचा मोठेपणा तिच्या लांबीवर मोजायचा नसतो. सरकारी कागदात ज्याला 'नाला' म्हणतात, आणि शहरात ज्या शब्दाने नाकाला रुमाल लागतो, तो कळसा, तो भांडुरा, तो हलतर हे सगळे खानापूरच्या रानातले स्वच्छ, थंड, मासे खेळणारे ओढे आहेत. नाला हा शब्दच त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर थोडे आमच्या धंद्याचे बोलतो. धबधबा हा शब्द आवाजावरून झालेला, ठसठशीत, पण तुलनेने सरधोपट. त्याहून जुना आणि हळवा शब्द आहे 'वझर' किंवा 'ओझर'. संस्कृतातल्या 'निर्झर'चा तो भाऊबंद. जुन्नरजवळचे विघ्नेश्वराचे ओझर सर्वांना ठाऊक आहे. दोडामार्ग तालुक्यात वझरे आहे. गोव्यात झऱ्याला आजही 'वझरो' म्हणतात. चोर्ला घाटाच्या बाजूला विर्डीच्या रानात जो प्रचंड धबधबा आहे त्याला लोक 'वझरा सकल' म्हणतात. 'सकल' म्हणजे खाली. वझराखालची जागा, इतका साधा अर्थ. आमच्या जांबोटीजवळच्या म्हादईवरच्या धबधब्याचे नाव आज 'वज्रपोहा' असे लिहिले जाते. त्यातले 'वज्र' हे इंद्राचे आयुध नसून शिकलेल्या कुणीतरी संस्कृत करून टाकलेला आपला 'वझर'च असावा, असा माझा तर्क आहे. भाषाशास्त्रज्ञांनी तो तपासावा.

आता प्रत्यक्ष रानाकडे वळू. या पट्ट्यात पाऊस किती पडतो याची शहरात राहून कल्पना येत नाही. बेळगावात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस होतो. तीस-चाळीस किलोमीटर पश्चिमेला कणकुंबी-आमगावच्या बाजूला पाच हजार मिलिमीटर ओलांडणे ही काही बातमी होत नाही. एवढे पाणी एकदम वाहून गेले असते तर दिवाळीला ओढे कोरडे पडले असते. ते पडत नाहीत, याला कारण माथ्यावरचा जांभा. जांभा दगड सच्छिद्र असतो. तो पाणी पितो, पोटात साठवतो, आणि खाली चिकण मातीचा न झिरपणारा थर लागला की डोंगराच्या कुशीतून ते पाणी झऱ्यांच्या रूपाने महिनोन्‌महिने बाहेर सोडतो. त्यावर रानाचे छत्र. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ, भीमगडच्या अरण्यात. तिथे तीस झरे एकत्र येतात असे सांगण्याची प्रथा आहे. तीसच का, हे विचारू नये. झरे मोजणारा माणूस ऋतूप्रमाणे वेगवेगळा आकडा सांगेल.

धबधबा होतो तो खडकांच्या असमान कणखरपणामुळे. वरचा थर टणक आणि खालचा मऊ असला की पाणी खालचा थर आधी खाते. वरचा कातळ छपरासारखा पुढे राहतो, मग कधीतरी तोही कोसळतो, आणि धबधबा दोन पावले मागे, उगमाकडे सरकतो. त्याच्या पायथ्याशी जे राक्षसी गोटे पडलेले असतात ती त्याच्या जुन्या मुक्कामाची निशाणी. ओढ्यातून वर चालत जाणाऱ्या माणसाला हा इतिहास दगडादगडांवर वाचता येतो. रस्त्यावरच्या कठड्याशी उभे राहून धबधबा पाहणारा केवळ शेवटचे पान वाचतो, आणि पुष्कळदा तेही भ्रमणध्वनीच्या पडद्यातून.

वज्रपोह्याला मी प्रथम गेलो तो १९९४ च्या डिसेंबरात. एम.ए. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो, अंगात मस्ती होती आणि शनिवार-रविवार मोकळे होते. जांबोटीहून हा धबधबा आठ-नऊ किलोमीटरांवर, गवळी आणि चापोली या गावांच्या दरम्यान दाट रानात आहे. म्हादई तिथे साठेक मीटर खाली उडी घेते. आम्ही गवळीच्या बाजूने उतरायचे ठरवले होते. गावात चहा मिळाला, वाटेची चौकशी केली, तेव्हा खांद्यावर घोंगडी आणि कमरेच्या आकडीला कोयता अडकवलेले एक साठीचे गृहस्थ हसून म्हणाले, "वाट कशाला हुडकताय मास्तर? वडा हाय की." आणि काही न बोलता पुढे चालू लागले. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो. पुढे दहा-बारा वर्षे या रानात जे काही शिकलो ते या मामांकडून.

ओढ्यातून चालणे हे रस्त्यावर चालण्याहून निराळे काम आहे. मामा कधी काठाने, कधी मधूनच, कधी गोट्यावरून गोट्यावर असे जात. ओला काळा दगड दिसला की त्यावर पाय देत नसत. कोरडा, खरखरीत, करडा दगड निवडत. पाण्यात पाय टाकायचाच तर वाहत्या पाण्यात टाकायचा, साचलेल्या कडेच्या पाण्यात नाही, कारण शेवाळ तिथे धरते. चामडी बूट त्यांच्या मते निव्वळ मूर्खपणा. त्यांच्या पायांत बाजारातल्या प्लास्टिकच्या चपला होत्या, आणि अवघड जागी त्या काढून ते कमरेला खोचत. काठाच्या खडकांत शेरणीची झुडपे असतात. पुरात ही झुडपे आडवी होतात, मोडत नाहीत, मुळे कातळाच्या भेगांत खोलवर गेलेली. मामा तिलाच धरून उतरत. शेजारची हिरवीगार फांदी धरायला मी हात पुढे केला की "ती नको, शेरणी धरा" असे म्हणत. या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी धबधबे उतरलो आहे.

आणखी एक नियम त्यांनी घालून दिला होता. जी पायरी परत चढता येणार नाही ती उतरायची नाही. खाली उडी मारणे सोपे. पण पुढे दुसरा कडा लागला आणि मागे फिरता आले नाही, तर माणूस दोन धबधब्यांच्या मध्ये अडकतो. म्हणून प्रत्येक उताराशी ते थांबत, मागे वळून चढ पाहून घेत, मगच पाय सोडत. आम्हा तरुणांना ते वेळकाढूपणाचे वाटे.

वाटेत कातळात पाण्याने आणि गोट्यांनी घुसळून केलेले रांजणखळगे होते, काही घागरीएवढे, काही माणूस बुडेल एवढे. कारवी वाळली होती. मध्येच एखादा डोह लागे, इतका निवांत की वरून पडलेले पान हलत नसे. या प्रत्येक डोहाला, प्रत्येक मोठ्या कातळाला नाव होते, हे मला फार आश्चर्याचे वाटले. एकाला तिथे बुडालेल्या रेड्यावरून नाव. दुसऱ्याला काठावरच्या, आता नसलेल्या, आंब्याच्या झाडावरून. तिसऱ्याला पहिल्या पावसात तिथवर येऊन अडणाऱ्या चढणीच्या माशांवरून. पाण्याचा आवाज जिथे बदलतो त्या वळणालाही नाव होते. मामा ती नावे सहज बोलण्यात वापरत, जशी आपण पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट म्हणतो. मी खिशातल्या वहीत ती लिहू लागलो. दुपार टळताना पाण्याचा आवाज एकाएकी खोल झाला, समोरची झाडे संपली आणि नदीही संपल्यासारखी दिसली. मामांनी आम्हा सर्वांना पालथे झोपवले आणि तसेच सरपटत कड्याच्या काठापर्यंत नेले. पाणी खाली पडताना पांढरे होऊन रेंगाळल्यासारखे वाटत होते आणि दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याने त्याचे तुषार आमच्याच तोंडावर येत होते. कुणी काही बोलले नाही. मामांनी विडी पेटवली.

हे ऐकून उद्याच कोणी निघणार असेल तर त्यांना थांबवणे माझे कर्तव्य आहे. डिसेंबर २०११ मध्ये भीमगड हे अभयारण्य घोषित झाले. सुमारे १९० चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र आहे. रॉटनचे वटवाघूळ म्हणून जो दुर्मीळ प्राणी ओळखला जातो, ज्याचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले आणि जो पुढे कित्येक दशके जगात केवळ इथल्या बारापेडे गुहांतच राहतो असे मानले जाई, त्याचे हे घर आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि पावसाळ्यात धबधब्यांकडे जाण्यास वनखाते बंदी घालते. या बंदीवर कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसे पाहता पाहता वाहून गेली, ते चित्रीकरण आपण सर्वांनी पाहिले. आणि केवळ पावसाळाच वाईट असेही नाही. चंदगड तालुक्यातल्या किटवाडच्या धबधब्यात बेळगावच्या चार तरुणी बुडून मरण पावल्या तो महिना नोव्हेंबर होता, साल २०२२. पाऊस ओसरलेला, पाणी स्वच्छ, ऊन पडलेले.

ओढ्याचे पाणी वाढते ते आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने नव्हे, वर कुठेतरी पडून गेलेल्या पावसाने. मामांच्या सांगण्यानुसार ओढा तीन खुणा देतो : निवळ पाणी गढूळ होते, वाळली पाने आणि काटक्या एकदम जास्त वाहून येऊ लागतात, आणि ओल्या मातीचा वास येतो. यांतली एक जरी दिसली तरी सामान तिथेच टाकून काठ चढायचा. दोन दिसायची वाट पाहिली तर तिसरी पाहायला माणूस राहत नाही. डोहात उतरणाऱ्या पोहणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी फेसाळलेले असते. त्यात हवा मिसळलेली असल्याने ते माणसाला तोलून धरत नाही, आणि खालचा भोवरा त्याला परत कड्याकडेच ओढतो. तलावात तरबेज असलेला तिथे बुडतो.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. गवळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, तळेवाडी, कृष्णापूर, आमगाव, हेम्माडगा ही रानातली गावे आपल्यापैकी अनेकांनी केवळ वर्तमानपत्रात वाचली असतील. तिथे पावसाळ्यात ओढे फुगले की रस्ता तुटतो. आजारी माणसाला डोली करून चिखलातून मैलोगणती वाहून आणावे लागते. अभयारण्य झाल्यावर रस्ता, वीज, पूल यांतली प्रत्येक गोष्ट अवघड झाली. या गावांच्या स्वेच्छा-स्थलांतराची चर्चा बरीच वर्षे चालू होती; तळेवाडीच्या कुटुंबांबाबत ती प्रक्रिया २०२५ साली प्रत्यक्षात सुरू झाली. या निर्णयावर टिळकवाडीत पंख्याखाली बसून मत देण्याचा मला अधिकार नाही. ज्या आईने आपले तापाने फणफणलेले मूल डोलीतून नेले आहे, तिला 'रानातले जीवन किती सुंदर' हे मी कोणत्या तोंडाने सांगू? ज्यांना जायचे आहे त्यांनी सुखाने जावे, मोबदला पुरा आणि वेळेवर मिळावा. वाघ-गव्यांनाही मोकळे रान हवे, हेही मला मान्य आहे.

पण माणसे गेली की नावे जातात. तो रेडा बुडाला तो डोह राहील. तिथे रेडा बुडाला होता हे सांगणारा राहणार नाही. ओढ्याला या नावांची गरज नसेल. आपल्याला मात्र आहे, आणि ती हौसेखातर नाही. म्हादईच्या पाण्यावर तीन राज्यांचा तंटा किती वर्षे चालला आहे! २०१० साली लवाद नेमला गेला, १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला, २०२० च्या फेब्रुवारीत तो राजपत्रात आला. त्यात कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी पाणी दिले आहे. कर्नाटकाच्या वाट्यात कळसा आणि भांडुरा या दोन ओढ्यांचे मिळून ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेकडे वळवण्याची तरतूद आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. हुबळी-धारवाडच्या माणसाची तहान खरी आहे, आणि म्हादई आटेल ही गोव्याची भीतीही खरी आहे. परंतु या सगळ्या हजारो पानांत ओढा दिसतो तो आकड्याच्या रूपाने. तो कुठे उन्हाळ्यातही वाहतो, कुठल्या डोहात मार्चअखेर मासे तग धरतात, कोणता झरा कधी आटला नाही आणि कोणता गेल्या वीस वर्षांत आटला, हे ज्यांना पाठ आहे त्यांची साक्ष त्यात शोधून सापडत नाही. ओढ्याची नावे म्हणजे ती साक्षच होय. चढणीच्या माशांवरून पडलेले डोहाचे नाव सांगते की तिथवर मासे येत असत. उद्या बांध पडल्यावर येईनासे झाले, तर पूर्वी येत होते याला दुसरा पुरावा कोणता?

या नावांना आपल्या नेहमीच्या सीमा कळत नाहीत, हे सीमाभागातल्या माणसाने ध्यानात घेण्याजोगे आहे. हलतर ओढा कर्नाटकात उगवतो, महाराष्ट्रात विर्डीला उतरतो आणि गोव्यात वाळवंटी होऊन साखळीच्या विठ्ठलापूरला देवळाच्या पायऱ्यांशी येतो. त्याच्या काठाने गेले तर एकाच पाण्याला वरच्या अंगाला ओढा, मध्ये व्हाळ आणि खाली न्हंय म्हणतात. कानडी गुराखी त्यालाच हळ्ळ म्हणतो. डोहाचा कोंड होतो, झऱ्याचा वझरो होतो. मराठी आणि कोकणी यांच्यातली रेघ कुठे ओढायची यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. त्यांनी एकदा विर्डीचा ओढा उतरून पाहायला हरकत नव्हती.

१९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस अधिवेशनासाठी याच टिळकवाडीत विहीर खोदली, तिची सनावळी आपण जपून ठेवली आहे, आणि ते योग्यच झाले. मोठ्या माणसांच्या विहिरीची नोंद राहते. गवळीच्या डोहांची नोंद कोणी ठेवायची? मला वाटते, ते काम वाचनालयाचे आहे. शंभर वर्षांत या संस्थेने जे जमवले ते छापलेले होते. न छापलेल्याची एखादी फडताळभर जागा करायला काय हरकत आहे? त्याला निधी लागत नाही. डिसेंबर ते मार्च या काळात, रीतसर परवानगी काढून, गावातल्या एखाद्या जाणत्याला त्याच्या दिवसाची योग्य मजुरी देऊन, दोन-तीन तरुणांनी एकेक ओढा चालावा. छायाचित्रे काढण्याआधी नावे विचारावीत. कुणी सांगितले, कोणत्या साली, नाव कशावरून पडले, हे त्याच दिवशी लिहून काढावे. स्थलांतर करून गेलेल्यांच्या नव्या घरी जाऊनही हे करता येईल. म्हातारी माणसे ओट्यावर बसल्याबसल्या अख्खा ओढा बोटाने जमिनीवर काढून दाखवतात.

मामा आता नाहीत. त्यांच्याबरोबर केलेल्या भटकंतीतल्या माझ्या चार वह्या मी आज बरोबर आणल्या आहेत आणि अध्यक्षांच्या परवानगीने त्या ग्रंथपालांकडे देत आहे. अक्षर माझेच असल्याने वाचायला त्रास होईल. मजकूर पेन्सिलीने आहे, कारण पहिल्याच ओढ्यात शाई पसरली होती. तिसऱ्या वहीची काही पाने पाण्याने चिकटली आहेत, ती ओढून सोडवू नयेत. वह्या घरी न्यायला देऊ नयेत, वाचनालयातच बसून पाहू द्याव्यात, आणि ज्यांना यातले एखादे नाव चुकीचे वाटेल, किंवा आपल्या आजोळी वेगळे ऐकलेले आठवेल, त्यांनी ते शेजारच्या कोऱ्या पानावर आपल्या नावानिशी लिहावे, अशी माझी विनंती आहे.